डांगी कळपातील वळू : निवड आणि अदलाबदल

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुका सह्याद्रीला भिडतो. घाटघर, रतनवाडी, साम्रद या परिसरातील मुसळधार पावसात तग धरणारी गाय म्हणजे डांगी. कातडीवरील तेलकट स्राव आणि काळे, कठीण खूर यांमुळे ती भातखाचरात व डोंगरउतारावर सारख्याच सहजतेने वावरते. दूध बेताचे असले, तरी भातशेतीचे बैल तीच पुरविते.

गाईचा माज १२ ते १८ तासच टिकतो. दुर्गम पाड्यावरून निरोप जाऊन कृत्रिम रेतनाची सोय होईपर्यंत तो अनेकदा ओसरतो आणि पुढील माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते. म्हणून अशा पाड्यांवर कळपातील वळूचे महत्त्व टिकून आहे. मात्र हा वळू बहुधा कोणी निवडलेला नसतो. उमदा खोंड औतासाठी खच्ची केला जातो किंवा बाजारात चांगल्या किमतीस जातो. मागे राहिलेला खुरटा गोऱ्हा कळपाबरोबर चरतो आणि माजावरील गाय त्याच्याकडूनच फळते. चांगले विकावे व उणे पैदाशीस ठेवावे, असा हा उलटा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालल्यास जातिवंत कळपही खालावतो.

दुसरा धोका सगोत्र पैदाशीचा. एक वळू व १५ गाई असा कळप डोळ्यांना १६ जनावरांचा दिसतो. परंतु आनुवंशिकतेच्या हिशेबाने तो जेमतेम ४ जनावरांच्या तोडीचा ठरतो, कारण प्रत्येक वासराचा निम्मा वारसा त्या एकाच वळूकडून येतो. गाई २५ केल्या तरी हा आकडा ४ पर्यंत पोहोचत नाही. याउलट १५ गाईंमध्ये दुसरा, नात्याबाहेरचा वळू आणल्यास तो ७ वर जातो. पित्याकडून मुलगी फळल्यास वासराचा सगोत्रता-अंश २५ टक्के होतो. अशक्त वासरे, खुंटलेली वाढ, उशिरा येणारा माज हे त्याचे परिणाम. आणि दोष मात्र चाऱ्याला किंवा नशिबाला दिला जातो!

उपाय खर्चिक नाही. वळूची पहिली कालवड वयात येण्यापूर्वी त्यास कळपातून हलवावे. गर्भकाळ ९ महिन्यांचा आणि डांगी कालवड सावकाश वयात येणारी, हे पाहता सुमारे तीन वर्षांनी बदल करणे योग्य. चांगला वळू विकून टाकण्याऐवजी तो दूरच्या गावास देऊन तेथील वळू घ्यावा. मात्र संसर्गजन्य गर्भपातासारखे रोग वळूबरोबर गावोगाव जातात. काही जननरोगांत तर वळू वरून धडधाकट दिसतो, आणि गाई मात्र पुन्हा पुन्हा उलटतात. म्हणून पशुवैद्यकाकडून तपासणी झाल्याशिवाय अदलाबदल करू नये.

एका पशुपालकाने हे सारे पाळले, तरी समाईक गायरानात शेजाऱ्याचा खुरटा गोऱ्हा मोकळाच असेल, तर त्याचे श्रम वाया जातात. त्यामुळे नको असलेल्या गोऱ्ह्यांचे वेळीच खच्चीकरण आणि निवडक वळूच्या वैरणीची वाटणी हे प्रश्न ग्रामसभेतच सुटू शकतात. राजूर येथे भरणाऱ्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात गावोगावचे पशुपालक एकत्र येतात. अदलाबदलीची बोलणी तेथे सहज होऊ शकतील. ग्रामपंचायतीने एक साधी वही ठेवावी : वळूच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, त्याचे मूळ गाव, माता-पिता ठाऊक असल्यास त्यांची नोंद आणि कळपात आल्याची तारीख.