दुःख आणि देवाचा न्याय

वाचावयाचा पाठ : लूक १३:१–५, योहान ९:१–३

१८ जुलै २०२१ च्या पहाटे मुसळधार पावसात चेंबूरच्या भारतनगरात निजलेल्या वस्तीवर भिंत कोसळली व पंधराहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी शेजारी विचारतो, "तुमचा देव तेव्हा कोठे होता?" उपदेशकाने त्यास नास्तिक म्हणून झिडकारू नये. हा प्रश्न फार प्राचीन आहे.

१. संशयवाद्यांचा आक्षेप. ख्रिस्तोत्तर २०० च्या सुमारास सेक्स्टस एम्पिरिकस या ग्रीक वैद्याने तो मांडला. देवाला वाईट दूर करण्याची इच्छा असून शक्ती नसेल, तर तो दुर्बळ. शक्ती असून इच्छा नसेल, तर तो निर्दय. तथापि देव नाहीच असे त्याने म्हटले नाही. निर्णय तहकूब ठेवावा, हा त्याचा पंथ होता.

२. मंडळीच्या पंडितांचे उत्तर. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस म्हणाला की, वाईटाची ओळख नसती तर मनुष्यास चांगले कळले नसते व शहाणपण आले नसते. यात तथ्य आहे. परंतु जिचे लेकरू ढिगाऱ्याखाली गेले, त्या मातेस हे ऐकवू नये.

ऑगस्टीन नऊ वर्षे मानीच्या अनुयायांत होता. अंधार ही प्रकाशाशी लढणारी स्वतंत्र शक्ती आहे, असे ते शिकवीत. पुढे तो संशयात पडला, व ३८६ साली मिलान येथे ख्रिस्ताकडे वळला. मग त्याने शिकविले की, वाईट ही देवाने निर्मिलेली वस्तू नव्हे. डोळ्यातील आंधळेपणाप्रमाणे ती चांगल्याची उणीव होय. पाप म्हणजे मनुष्याच्या इच्छेने देवाकडे फिरविलेली पाठ.

३. प्रभूचे उत्तर. पण भिंतीस इच्छा कोठे आहे? शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक अपराधी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. आणि ऐकणाऱ्यांसच पश्चात्तापास बोलाविले. यास्तव मेलेल्यांचे पाप शोधू नये. गरिबांस धोक्याच्या उतारावर राहावे लागते, यात आपली उदासीनता किती, हे शोधावे. संपूर्ण उलगडा आपल्यापाशी नाही. परंतु वधस्तंभावर देव स्वतः दुःखात उतरला, हे आपण जाणतो. म्हणून शोकाच्या घरी आधी रडावे, चूल पेटवून द्यावी, मग बोलावे.

प्रश्न : (१) संशयवाद्याचा आक्षेप आपल्या शब्दांत सांगा. (२) वाईट ही वस्तू नव्हे, म्हणजे काय? (३) आपल्या गावात पावसाळ्यापूर्वी कोणाचे घर पाहून येणे अगत्याचे आहे?