राष्ट्रीय उद्यानातील घरे आणि आराखड्याची परीक्षा

'राष्ट्रीय उद्यान' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताडोब्याचे किंवा बोरिवलीचे जंगल उभे राहते. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे उद्यानाची घोषणा होते ती तेथील जमिनीवरचे हक्क सरकारकडे आल्यानंतर. इंग्लंडमध्ये शब्द तोच, पण अर्थ निराळा. १९४९ च्या कायद्याने तेथे अशी उद्याने स्थापण्याची सोय झाली आणि १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले उद्यान झाले. त्यांत गावे आहेत, शेते आहेत, बाजारपेठा आहेत, आणि बरीचशी जमीन खाजगी मालकीची आहे. साहजिकच तेथला वाद वाघाचा नसतो, घराचा असतो.

साउथ डाउन्सचे उदाहरण घेऊ. दक्षिण इंग्लंडमधील खडूच्या टेकड्यांचा हा प्रदेश २०१० साली राष्ट्रीय उद्यान झाला. क्षेत्र सुमारे १,६०० चौरस किलोमीटर. वस्ती लाखाच्या वर. १९९५ च्या कायद्याने उद्यानाचे दोन हेतू ठरविले आहेत: सृष्टिसौंदर्य, वन्यजीवन व सांस्कृतिक वारसा यांचे जतन, आणि लोकांना त्यांचा आस्वाद घेता येणे. दोहोंत विरोध आला तर जतनाला झुकते माप. हे हेतू साधताना गावकऱ्यांच्या आर्थिक-सामाजिक हिताकडेही पाहावयाचे असते. मात्र देखावा सुंदर म्हणून घरे महाग, आणि घरे महाग म्हणून गावची तरुण मंडळी बाहेर, ही तेथली खरी अडचण आहे.

येथील आराखडा २००४ च्या नियोजन कायद्याखाली तयार झाला. प्राधिकरणाने मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागविल्या आणि २०१८ मध्ये तो तपासणीसाठी सादर केला. मंत्र्यांच्या वतीने नेमलेला स्वतंत्र निरीक्षक ही तपासणी करतो. तो आपल्या मनातला आराखडा लिहीत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. याहून चांगला आराखडा झाला असता काय, हा त्याचा प्रश्नच नव्हे. समोरचा आराखडा पुराव्याला धरून आहे काय, अमलात येण्याजोगा आहे काय, राष्ट्रीय धोरणाशी जुळतो काय, अशा गोष्टी तो पाहतो. ज्याने वेळेत बदल मागितला असेल त्याला समक्ष म्हणणे मांडण्याचा हक्क असतो. नुसता पाठिंबा देणाऱ्याला तो नसतो! सुनावणीत वकिली उलटतपासणीपेक्षा टेबलाभोवतीच्या चर्चेवर भर असतो.

या आराखड्यात २०१४ ते २०३३ या काळासाठी सुमारे ४,७५० घरे धरली होती. अंदाजलेल्या गरजेपेक्षा हा आकडा कमीच होता. एरवी अशी तूट निरीक्षकाला खटकली असती. परंतु राष्ट्रीय उद्यानात निसर्गदृश्याच्या रक्षणासाठी घरांची संख्या मर्यादित ठेवण्यास राष्ट्रीय धोरणातच जागा आहे. तुटीची थोडी भरपाई म्हणून की काय, अकरा वा अधिक घरांच्या योजनेत निम्मी तरी घरे परवडणारी असावीत असा नियम घातला गेला. आमच्या मते आराखड्यातील हेच कलम सर्वांत महत्त्वाचे.

आराखड्यात दोष आढळला तर प्राधिकरणाने विनंती केल्यावर निरीक्षक मुख्य दुरुस्त्या सुचवितो, आणि त्यांवर पुन्हा लोकांचे मत घेतले जाते. निरीक्षकाने नापसंत केलेला आराखडा प्राधिकरणाला स्वीकारता येत नाही. पसंत झालेला मात्र ठराव करूनच स्वीकारावा लागतो. साउथ डाउन्समध्ये असा ठराव २ जुलै २०१९ रोजी झाला आणि वेगवेगळ्या परिषदांकडून वारशाने आलेली जुनी धोरणे बाजूला झाली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते. तेथे कायद्याचा भंग झाला काय एवढेच पाहिले जाते, घरे कमी की जास्त हे नव्हे.