घरीं शिकणाऱ्या मुलांचा अभ्यासक्रम कसा निवडावा

आमच्या निलंगा तालुक्यांतील जाणता शेतकरी सोयाबीनचें बियाणें रानांत नेण्यापूर्वीं त्यांतील शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवितो, आणि कांहीं दिवसांनीं किती दाणे उगवले तें मोजितो. सत्तर उगवले तर पेरावयास हरकत नाहीं. त्याहून कमी उगवले तर तो सावध होतो. बियाणें खोटें निघालें तर एक हंगाम बुडतो. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचीं दोन वर्षें बुडालीं, तर तीं कोणत्याही मृगांत परत येत नाहींत. असें असतां आपण मुलांसाठीं पुस्तकें घेतांना दाणा तपासून पाहतों काय? ह्या प्रश्नाचा आज विचार करूं.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करितों. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा मोफत शाळेवर हक्क आहे. तेव्हां आठवीपर्यंत मुलाची जागा शाळेंतच होय. हा पाठ त्यापुढील मुलांविषयीं आहे. कोणाची शाळा दूर असते, कोणाचे आईबाप ऊसतोडीस जातात, कोणी दुखण्यामुळें मागें पडतो, आणि मुलींना तर लहानशा कारणासाठींही घरीं बसविलें जातें. अशा मुलांस ‘शिक्षण संपलें’ असें सांगणें हा अन्याय आहे.

घरीं शिकविणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. पंडिता रमाबाई कोणत्याही शाळेंत न जातां आईबापांजवळ संस्कृत शिकल्या. त्यांची आई लक्ष्मीबाई पहाटे उठून त्यांस पाठ देत असे. पुढें १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. ह्यांत आपणांस दोन धडे आहेत. विद्या घरीं येऊं शकते, हा पहिला. परंतु ती जगानें मानावी म्हणून परीक्षा द्यावी लागते, हा दुसरा. आपल्या काळांतही मुंबईच्या एका कन्येनें सातवींत शाळा सोडून घरीं अभ्यास केला व संगणकाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पदकें मिळविलीं. २०१६ सालीं अमेरिकेंतील एका नामांकित विद्यापीठानें तिला घेतलें. पण बारावीचें प्रमाणपत्र नसल्यामुळें आपल्याकडील आय. आय. टी. चें दार तिला बंद होतें.

म्हणून पहिला प्रश्न हा : ह्या अभ्यासक्रमाच्या शेवटीं कोणती परीक्षा आहे, व तिचें प्रमाणपत्र कोण मानतो? आमच्या भागांतील मुलांस दोन वाटा ठाऊक असाव्यात.

पहिली वाट राज्य मंडळाची. शाळेंत न जाणारा विद्यार्थी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीस किंवा बारावीस खासगी रीतीनें बसूं शकतो. लातूर, नांदेड व धाराशिव ह्या तीन जिल्ह्यांसाठीं मंडळाचें विभागीय कार्यालय लातूर येथेंच आहे. अर्ज परीक्षेच्या कित्येक महिने आधीं ऑनलाईन भरावा लागतो, आणि संपर्क केंद्र म्हणून एक शाळा ठरवून मिळते. विज्ञानाचीं प्रात्यक्षिकें व अंतर्गत गुण कसे मिळावयाचे, हें त्या शाळेस पहिल्याच भेटींत विचारून घ्यावें. कारण दहावीच्या गणित, विज्ञान व समाजशास्त्रें ह्या विषयांत शंभरांपैकीं वीस गुण लेखी पेपराबाहेरचे असतात.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. ही संस्था १९८९ सालीं स्थापन झाली. येथें दहावीस पांच विषय पुरतात, परीक्षा वर्षांतून दोन वेळां होते, आणि पांच वर्षांत नऊ संधि मिळतात. आज दोन विषय उतरले, पुढच्या खेपेस दोन, असें करीत जातां येतें. ज्या मुलाचें घर सहा महिने कारखान्याच्या फडावर असतें, त्यास ही सवड मोठी मोलाची आहे. मात्र पुढें काय व्हावयाचें तें आधीं ठरवून नियम पाहावे. मुक्त विद्यालयाच्या मुलांस वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसूं न देण्याची अट एकदां घातली गेली होती. २०१८ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें ती रद्द केली. नियम असे फिरतात, म्हणून ज्या वर्षीं अर्ज करावयाचा त्या वर्षींचा नियम वाचावा.

दुसरा प्रश्न भाषेचा. येथें आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एक बाप आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. आठवीपुढील शाळा लांब, एस. टी. संध्याकाळीं उशिरा, म्हणून मुलगी घरीं बसलेली. बुद्धि मात्र चांगली. आम्ही मोठ्या उत्साहानें इंग्रजी पुस्तकांचा एक सुबक संच मागविण्याची मसलत दिली. बापानें दोन शेळ्या विकून पैसे भरले. वर्षभर मुलीनें पुस्तकें उघडलीं व मिटलीं. तिला भाषा कळेना, घरांत सांगणारें कोणी नाहीं. आणि वर्षाअखेरीस कळलें कीं त्या पुस्तकांवर बसावयाची अशी परीक्षाच नाहीं. दोष मुलीचा नव्हता, बापाचाही नव्हता, आमचा होता. आम्ही कागद पाहिला, दाणा पाहिला नाहीं.

तर दाणा कसा पाहावा? पुस्तकांतील मधलाच एक धडा काढावा, पहिला नव्हे. पहिला धडा सोपाच असतो. मुलास तो एकट्यानें वाचावयास सांगावें. मग पुस्तक मिटवून त्यानें तो आपल्या शब्दांत आईस समजावून सांगावा. आईस लिहितां-वाचतां येत नसलें तरी चालेल. मूल अडखळतें कीं सांगतें, हें तिला कोणाहून अधिक कळतें. नंतर धड्याखालचीं उदाहरणें करावयास द्यावीं, व उत्तरें पडताळतां येतात कीं नाहीं तें पाहावें. असे तीन आठवडे गेले म्हणजे मागील वर्षाची एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. निम्मे प्रश्नही कळले नाहींत तर पुस्तक बदलावें, मुलास मारूं नये.

तिसरा प्रश्न खर्चाचा. बालभारतीचीं पुस्तकें मोबाईलवर फुकट उतरवून घेतां येतात, व छापील प्रतही स्वस्त असते. दहावीचीं पुस्तकें २०१८ सालीं व बारावीचीं २०२० सालीं बदललीं. तेव्हां जुनी प्रत मिळाली म्हणून हर्षून जाऊं नये, चालू वर्षीं कोणती लागू आहे तें शाळेंत विचारावें. जो दलाल ‘पैसे द्या, पास करून देतों’ म्हणतो, त्यास उंबऱ्याबाहेरच ठेवावें.

ती मुलगी पुढें बालभारतीचीं मराठी पुस्तकें घेऊन बसली. रोज रात्रीं भाकरी थापतां थापतां आई तिचा धडा ऐके. १७ नंबरचा फॉर्म भरून ती एक वर्ष उशिरानें दहावी उतरली. तें एक वर्ष आम्ही तिचें देणें लागतों. हा पाठ त्या देण्यापोटीं लिहिला आहे.

विचारासाठीं प्रश्न : (१) आपल्या गांवांत आठवीनंतर घरीं बसलेलीं मुलें किती, व त्यांत मुली किती? (२) त्यांस दोन वाटांपैकीं कोणती सोयीची? (३) आठवड्यांतून एक संध्याकाळ त्यांचा धडा ऐकण्यास आपणांपैकीं कोण बसेल?