नंबर एकचं गाणं : क्रमवारी मुलांना कशी वाचायला शिकवाल?

स्नेहसंमेलन जवळ आलं की शाळेशाळेत एकच वाद सुरू होतो. नाचाला कोणतं गाणं घ्यायचं? मुलं मोबाईल पुढे करतात, "सर, हे नंबर एकला आहे, करोडो व्ह्यूज आहेत!" आपण एक तर नाही म्हणतो, नाही तर मान हलवून मोकळे होतो. पण "नंबर एक म्हणजे नेमकं काय मोजलं?" हा प्रश्न विचारला, तर तिथेच गणिताचा एक चांगला तास होतो. सहावी ते आठवीला जमेल असा.

ओळखीचं उदाहरण घ्या. 'गुलाबी साडी'. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं हे गाणं २०२४ च्या सुरुवातीला आलं. कोणत्याही सिनेमात नसलेलं, सुटं गाणं. रील्समधून पसरलं, यूट्यूबवर दहा कोटींच्या पुढे गेलं, आणि ॲपच्या याद्यांमध्ये हिंदी-पंजाबी गाण्यांच्या बरोबरीने दिसू लागलं. मराठी गाण्याला हे सोपं नव्हतं.

आता मुलांना विचारा, दहा कोटी व्ह्यूज म्हणजे दहा कोटी माणसं का? नाही. एकाच मुलाने वीसदा पाहिलं तरी आकडा वाढतोच. स्पॉटिफायवर तर ३० सेकंद ऐकलं की एक 'ऐकणं' धरतात. उलटा हिशोबही करून घ्या. वाळूज एमआयडीसीत कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरने गाणं लावलं, चाळीस कामगारांनी ऐकलं, नोंद एक. बजाजनगरात हळदीला डीजेने पेनड्राइव्हवरून वाजवलं, दोनशे जण नाचले, नोंद शून्य. ही दोन गणितं मुलं विसरत नाहीत, कारण त्या बसमध्ये कुणाचे तरी पप्पा असतात.

ही गोष्ट आजचीच नाही. घरातल्या आजोबांना 'बिनाका गीतमाला' विचारा. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेला हा कार्यक्रम, बुधवारी रात्री आठला, अमीन सायानींच्या आवाजात. त्याच सुमारास आपले पुण्याचे बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले होते आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं होतं, म्हणून अख्खा देश सिलोन लावायचा. गाण्यांची 'पायदान' ठरायची ती मुख्यतः रेकॉर्डच्या विक्रीवरून आणि श्रोता संघांच्या मतांवरून. म्हणजे ज्याच्या घरी ग्रामोफोन नाही आणि जो कुठल्या श्रोता संघातही नाही, त्याची आवड कुठे मोजली जाणार? मराठवाड्यातल्या किती खेड्यांत तेव्हा ग्रामोफोन होता, याचा विचार मुलांनाच करू द्या. जात्यावरच्या ओव्या तर कोणत्याच पायदानावर नव्हत्या.

अमेरिकेतलं एक प्रकरण वरच्या वर्गाला जरूर सांगा. तिकडे 'कंट्री' म्हणजे ग्रामीण ढंगाच्या गाण्यांची वेगळी यादी असते, बिलबोर्ड नावाची संस्था काढते. २०१९ मध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचं 'ओल्ड टाऊन रोड' त्या यादीत १९ व्या क्रमांकावर आलं. मग ते "पुरेसं कंट्री नाही" म्हणून यादीतून काढलं. खूप वाद झाला. गायक गोरा असता तर काढलं असतं का, असं अनेकांनी विचारलं. पुढे तेच गाणं सर्व प्रकारच्या गाण्यांच्या मुख्य यादीत सलग १९ आठवडे पहिलं राहिलं. तोवरचा विक्रम १६ आठवड्यांचा होता. आधी कोणत्या रांगेत उभं करायचं हे कुणीतरी ठरवतं, नंबर नंतर येतो.

आता वर्गात करायचा प्रयोग. समजा ४० मुलं, चार गाणी. प्रत्येकाने एक मत द्यायचं. क, ख, ग, घ यांना मिळाली १४, १३, ९, ४. 'क' पहिलं. पण २६ मुलांना ते पहिल्या पसंतीचं नव्हतं, आणि दुसऱ्या गाण्याशी फरक फक्त एका मताचा! फळ्यावर नुसते क्रमांक लिहिले तर हे दोन्ही दिसेनासं होतं. मग दुसरी पसंतीही मागा: पहिल्या पसंतीला २ गुण, दुसरीला १. समजा दुसऱ्या पसंती ३, १५, १२, १० अशा आल्या. गुण होतात ३१, ४१, ३०, १८. 'ख' एकदम पुढे गेलं. मुलं तीच, आवड तीच, फक्त मोजण्याचा नियम बदलला. इथे वर्गात आरडाओरडा होतो. होऊ द्या.

पालकांसाठी थोडं. निकालाच्या दिवशी "कितवा आला?" हा आपला पहिला प्रश्न असतो. पहिला ९१ वर आणि सहावा ८९ वर असू शकतो. आधी गुण बघा, कोणत्या विषयात काय आलं ते बघा, क्रमांक नंतर.

घरचा अभ्यास म्हणून मुलांना एवढंच द्या: घरातल्या तीन पिढ्यांना त्यांचं आवडतं गाणं विचारायचं, ते कशावर ऐकलं तेही लिहायचं, आणि त्यातलं कोणतं ऐकणं कुठल्या यादीत मोजलं गेलं असेल त्यापुढे खूण करायची. वहीत दोन रकाने पुरतात.