अंगणवाडी सांभाळून पदवी?

असोद्याच्या अंगणवाडी सेविकेचा प्रश्न: बारावी झालेय. काम न सोडता बालशिक्षणाची पदवी मिळेल का?

आपल्याकडचा चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. पूर्णवेळ, नोकरी करून तो जमणं कठीण. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची बी.ए. काम सांभाळून होते, पण ती बालशिक्षणाची खास पदवी नव्हे.

म्हणून आधी इग्नूची बालशिक्षणाची पदविका पाहावी. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र सुचवलंय.

आणि शिकताना अंगणवाडीत वापरून पाहायला साहित्य? ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपल्यांवर बालवाडी चालवली. असोद्यात चिंचोके नि सरकी आहेतच.