देवयानी, शर्मिष्ठा आणि दोन बाप



आजचं वाचन : महाभारत, आदिपर्व, संभवपर्वातलं ययातीचं आख्यान. देवयानी विहिरीत पडते तिथपासून शर्मिष्ठा तिची दासी होते तिथपर्यंत. वेगवेगळ्या प्रतींमध्ये अध्यायांचे आकडे पुढेमागे होतात, त्यामुळे नावावरून शोधा. हाताशी भागवत असेल तर नवव्या स्कंधाचा 18वा अध्याय काढा. गोष्ट तीच आहे, जरा आटोपशीर.

आपल्यापैकी बहुतेकांना ही गोष्ट खांडेकरांच्या 'ययाति'मुळे माहीत असते. 1959 ची कादंबरी, पुढे तिला ज्ञानपीठ मिळालं, घरोघरी एक प्रत असतेच. पण त्यामुळे झालंय काय, की आपण हे आख्यान ययातीपासून वाचायला लागतो. वासना, म्हातारपण, तारुण्य उसनं घेणं वगैरे. आज ययातीला जरा बाजूला बसवू. तो येण्याआधी ही दोन मैत्रिणींची गोष्ट आहे.

शर्मिष्ठा ही असुरांचा राजा वृषपर्वा याची मुलगी. देवयानी ही त्याच्या गुरूंची, शुक्राचार्यांची. एकाच नगरात वाढलेल्या, एकत्र पोहायला जाणाऱ्या. वनात सगळ्या मुली पाण्यात असताना काठावरचे कपडे एकमेकांत मिसळतात आणि शर्मिष्ठा चुकून देवयानीचं वस्त्र उचलते. महाभारत सांगतं की कपडे मिसळायला इंद्र वारा होऊन आला होता. भागवतात इंद्र नाही. तिथे शंकर-पार्वती नंदीवरून जाताना दिसतात, मुली लाजून घाईघाईत बाहेर येतात आणि अदलाबदल होते. मला महाभारताची आवृत्ती जास्त खरी वाटते. दोन घरांत बिनसलं की ज्याचा त्यात फायदा असतो असा एखादा तिसरा माणूस आसपास असतोच, आणि तो फक्त वारा घालतो. बाकीचं आपलं आपणच करतो.

आता भांडण नीट वाचा. 'माझी साडी का नेसलीस' इतकंच भांडण असायला हवं होतं. पण देवयानी पहिल्या वाक्यातच म्हणते की तू माझी शिष्या असून माझं वस्त्र घेतेसच कशी. शर्मिष्ठेचं उत्तर : तुझा बाप माझ्या बापापुढे खाली बसून त्याची स्तुती गातो. तू मागणाऱ्याची मुलगी, मी देणाऱ्याची.

यात दोघींनी एकमेकींबद्दल काहीच म्हटलेलं नाही, हे लक्षात आलं का? तू खोटारडी आहेस, तू कायम माझ्या वस्तू घेतेस, असं एकही वाक्य नाही. सगळी वाक्यं बापांची आहेत. गुरू मोठा की राजा मोठा, कोण कोणाच्या जिवावर जगतो, हा हिशोब त्या दोन घरांमध्ये आधीपासून अडकलेला होता. राजाला शुक्राचार्यांची संजीवनी विद्या हवी, शुक्राचार्यांना राजाचा आश्रय. उघड कोणी बोलत नव्हतं. मुलींच्या तोंडी ही वाक्यं इतकी तयार कशी आली? ग्रंथ सांगत नाही, माझा अंदाज सांगतो : घरात जेवताना ऐकून आली.

यानंतर शर्मिष्ठा देवयानीला एका कोरड्या विहिरीत ढकलते आणि ती मेली असं समजून घरी निघून जाते. हे मी पोरखेळ म्हणून सोडून देणार नाही, तुम्हीही देऊ नका. शिकारीला आलेला ययाति पाणी शोधत तिथे पोचला नसता तर गोष्ट तिथेच संपली असती.

देवयानी नगरात परत जायला नकार देते आणि घूर्णिका नावाच्या दासीकडून वडिलांना निरोप धाडते. शुक्राचार्य धावत येतात. त्यांचं पहिलं बोलणं ऐकून दचकायला होतं. माणसाला सुखदुःख आपल्याच गुणदोषांमुळे मिळतं, तुझंही काही चुकलं असेल, असं ते म्हणतात. (विहिरीतून नुकत्याच निघालेल्या मुलीला हे ऐकवणारे बाप तेव्हाही होते!) पण देवयानीला विहिरीबद्दल बोलायचंच नाहीये. ती विचारते, शर्मिष्ठा म्हणाली ते खरं आहे का? मी खरोखर एका स्तुतिपाठकाची मुलगी असेन, तर मीच जाऊन तिची समजूत काढते.

मला या आख्यानातली सगळ्यात मोठी जागा हीच वाटते. मार लागलाय, जीव जाता जाता वाचलाय, आणि मुलीला आधी हे माहीत करून घ्यायचंय की माझा बाप कोण आहे.

शुक्राचार्य तिला सांगतात की तू तशी नाहीस, माझं बळ काय आहे ते वृषपर्वा जाणतो, इंद्र जाणतो. आणि मग ते जे बोलतात ते हायलाइट करून ठेवण्यासारखं आहे. उसळलेला राग जो घोड्यासारखा आवरतो तो खरा सारथी, नुसते लगाम धरून बसलेला नव्हे. साप कात टाकतो तसा जो राग टाकून देतो तो पुरुष. शंभर वर्षं दर महिन्याला यज्ञ करणाऱ्यापेक्षाही न रागावणारा मोठा. आणि शेवटी, अगदी आपल्या विषयाचं : मुलं-मुली अजाणतेपणी जे वैर करतात त्याचं शहाण्यानं अनुकरण करू नये, कारण मुलांना बलाबल कळत नसतं.

म्हणजे औषध कुठलं हे बापाला पाठ आहे. मुलींचं भांडण मोठ्यांनी उचलू नये, एवढी साधी गोष्ट तो स्वतःच्या तोंडानं सांगतो.

देवयानी म्हणते, मी लहान असले तरी राग आणि क्षमा यांतला फरक मला कळतो, पण शब्दांनी झालेली जखम भरत नाही. आणि दुसऱ्या क्षणी शुक्राचार्य तडक वृषपर्व्याच्या दरबारात. तिथे ते काय काढतात? कपड्यांचं नाही. ते काढतात कचाचं प्रकरण! माझ्या घरी शिकायला आलेल्या त्या निरपराध मुलाला तुम्ही मारलंत, आता माझ्या मुलीला मारायला निघालात, मी हे राज्य सोडून चाललो. अधर्म लगेच फळत नाही, पण पोटातल्या जड अन्नासारखा नंतर त्रास देतोच, कर्त्याला नाही तर त्याच्या मुला-नातवंडांना, असंही सुनावतात.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला रूट कॉज म्हणतो तो इथे आहे. एरर आज दिसला म्हणून बग आजचा नसतो. कचाला असुरांनी मारल्याला बराच काळ लोटला होता. तेव्हा गुरू राजाला सोडून गेले नव्हते. तो राग तसाच साठून राहिला, आणि बाहेर पडायला त्याला मुलींच्या कपड्यांचं निमित्त मिळालं. मुलींना वाटलं भांडण आपलं आहे.

वृषपर्वा पाया पडतो. देवयानीची अट एकच : शर्मिष्ठेनं हजार दासींसह माझी दासी व्हावं, आणि लग्नानंतरही माझ्यामागून यावं. शर्मिष्ठेला बोलवायला दाई जाते. ती पालखीत बसून येते आणि हो म्हणते, माझ्यामुळे गुरू जाऊ नयेत, संकटातल्या नातलगांना जमेल तसं सोडवायलाच हवं, असं म्हणून. देवयानी तिला टोमणाही मारते : स्तुती करणाऱ्याच्या मुलीची तू दासी कशी होणार?

राजाचं राज्य वाचलं, गुरूंची गादी राहिली. भागवतात तर शुक्राचार्यांचा राग अर्धा क्षणच टिकणारा म्हटलाय. मिटलं त्यांचं! मुलींचं आयुष्यभर मिटलं नाही. आणि विहिरीबद्दल? या सगळ्या बोलण्यांत त्या दोघींना समोरासमोर बसवून 'तू ढकललंस का, का ढकललंस' असं कोणी विचारत नाही. शिक्षा झाली, पण झालेल्या गुन्ह्याचा विषयच निघाला नाही.

हा भाग मी नेहमी थांबत थांबत वाचतो, कारण आमच्या डोंबिवलीच्या जिन्यावर याची छोटी आवृत्ती मी पाहिली आहे. माझे बाबा आणि समोरच्या ब्लॉकमधले काका यांचं हार्डवेअरचं भागीदारीत दुकान होतं. 2003 साली ते तुटलं. उधारीचे पैसे कोणी वसूल केले आणि वहीत कोणी लिहिले नाहीत, यावर दोघांची दोन मतं होती, आजही आहेत. मी आणि काकांचा मुलगा तेव्हा नववीत, एकाच बाकावर. आम्हाला कोणी काही समजावून सांगितलं नाही. फक्त त्या दिवाळीत फराळाचं ताट समोर गेलं नाही आणि समोरून आलं नाही. मग एकदा आई म्हणाली, तिकडे जाऊ नकोस, बाबांना आवडत नाही. त्याच्याकडेही बहुतेक असंच कोणीतरी म्हणालं असणार.

आम्ही शाळेत बोलत राहिलो, बिल्डिंगमध्ये नाही. फाटकाच्या आत आलं की दोघं वेगवेगळे चढायचो. त्यानं एकदाच विचारलं होतं, माझे बाबा खरंच पैसे खाल्ले असं तुझ्या घरी म्हणतात का? देवयानीचाच प्रश्न. मी म्हटलं, मला माहीत नाही, मला वहीखातं वाचता येत नाही. ते खरंच होतं. त्यानंतर आमच्यात न बोलता एक गोष्ट ठरून गेली : वडिलांचा खटला आपण चालवायचा नाही, निरोप्याही व्हायचं नाही. आज दोघंही पस्तिशीत आहोत, ते पाळतोय. सोपं नाही. त्याच्या लग्नाला मी एकटा गेलो, आईबाबांना पत्रिकाच नव्हती.

मागच्या डिसेंबरात काकांची अँजिओप्लास्टी झाली. मित्राचा रात्री फोन आला, मी हॉस्पिटलमध्ये बसलो, पहाटे घरी आलो. बाबांनी कुठे होतास विचारलं नाही. चहा पुढे सरकवून फक्त म्हणाले, "कसा आहे?" नाव नाही, काही नाही. मी म्हटलं, बरे आहेत, दोन स्टेंट घातलेत. त्यांनी मान हलवली आणि पेपर उघडला. याला समेट म्हणायचं की नाही मला ठाऊक नाही. मी ताणलं नाही. बाबांना शुक्राचार्यांचे श्लोक ऐकवायचा मोहही झाला नाही, कारण ते पाठ असून काय होतं ते आपण आत्ताच वाचलं.

तुमच्यापैकी कोणी अशा दोन घरांच्या मध्ये उभं असेल तर आजच्या वाचनातून एवढं करून बघा. तुमच्या भांडणातली वाक्यं तपासा. त्यातली तुमची किती, घरातून आलेली किती? मित्राबद्दल तुमची स्वतःची एखादी तक्रार असेल तर ती त्यालाच सांगा, विहिरीसकट. पण 'तुमच्या लोकांनी' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य तोंडात आलं, की तिथे इंद्राचा वारा सुटलाय असं समजा. आणि आईवडिलांना न दुखवता मैत्री राखायची म्हणजे त्यांच्याशी खोटं बोलायचं असं नाही. मी कुठे जातो ते माझ्या घरी माहीत असतं, मी त्याची जाहिरात करत नाही इतकंच.

जाता जाता वंशावळ बघून ठेवा, पुढच्या वाचनाला लागेल. देवयानीचे मुलगे यदु आणि तुर्वसु. शर्मिष्ठेचे द्रुह्यु, अनु आणि पूरु. यदूच्या वंशात श्रीकृष्ण, पूरूच्या वंशात पांडव. गीता सांगितली जाते त्या रथावर देवयानीच्या कुळातला एक आणि शर्मिष्ठेच्या कुळातला एक असे दोघं बसलेले आहेत, आणि ते एकमेकांचे मित्र आहेत. किती पिढ्या गेल्या मध्ये, मोजून बघा. मी मोजायला बसलो होतो, प्रतीप्रतीत नावं कमीजास्त होतात म्हणून सोडून दिलं.

उद्या पुढचा भाग : शर्मिष्ठेची तीन मुलं खेळत असतात, देवयानी त्यांना बाप कोण म्हणून विचारते, आणि ती बोटानं ययातीकडे दाखवतात. शक्य झालं तर आजच एकदा वाचून ठेवा.

रामकृष्ण हरी.