एकच उत्तरपत्रिका, बारा संगणक : ऑपरेटिंग सिस्टीम आपोआप कशी बसते?



शाळेच्या संगणक कक्षात नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची असली की आपण काय करतो? पेनड्राइव्ह घेतो, पहिल्या संगणकाला लावतो आणि समोर बसून राहतो. भाषा कोणती? कीबोर्ड कोणता? वेळ कुठली? पासवर्ड काय? एकेक उत्तर द्यायचं. मग दुसरा संगणक. पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा तीच उत्तरं. आमच्याकडे बारा संगणक आहेत. शाळा सुटल्यावर बसूनही दोन-तीन शनिवार त्यातच जायचे.

माझा मावसभाऊ सर्व्हर सांभाळायच्या कामात आहे. त्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "ताई, आमच्याकडे एकेका कपाटात चाळीस-चाळीस सर्व्हर असतात. त्यांना ना स्क्रीन, ना कीबोर्ड. पेनड्राइव्ह घेऊन मी कुठं कुठं फिरू?" मग त्यानं मला नेटवर्कवरून इन्स्टॉल करायची पद्धत शिकवली. ती मी आपल्या भाषेत सांगते.

शाळेत नवीन आलेलं मूल

समजा, एक मूल पहिल्यांदाच शाळेत आलं. त्याला फक्त स्वतःचं नाव माहीत आहे. वर्ग कुठला, बाक कुठला, पुस्तक कुठं मिळेल, काहीच माहीत नाही. रिकामा सर्व्हर अगदी असाच असतो. त्याच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातच दिलेला बारा अंक-अक्षरांचा एक क्रमांक असतो. त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. तेवढीच त्याची ओळख.

१) सर्व्हर सुरू होतो आणि नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून विचारतो, "मी नवीन आहे, मला पत्ता कोण देईल?" या कामाच्या नियमांना डीएचसीपी म्हणतात. आपल्या घरचा वायफाय राउटर मोबाईलला पत्ता देतो, तो याच नियमांनी.

२) डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो. सोबत हेही सांगतो, की सुरुवातीची फाईल अमुक संगणकावर, अमुक नावानं ठेवली आहे.

३) आपला नवीन सर्व्हर ती छोटी फाईल घेऊन येतो. ही ने-आण टीएफटीपी नावाच्या साध्या पद्धतीनं होते. ही पद्धत १९८१ पासूनची आहे. इतकी साधी, की तिच्यात पासवर्डसुद्धा नसतो.

४) त्या छोट्या फाईलच्या मदतीनं इन्स्टॉल करणारा प्रोग्राम मेमरीत येतो आणि बाकीचं मोठं सामान नेटवर्कवरूनच उतरवून घेतो.

नेटवर्क कार्डानं हे सगळं कसं करायचं याचे नियम इंटेल कंपनीनं ठरवले. त्यांना पीएक्सई म्हणतात, बोलताना लोक 'पिक्सी' म्हणतात. त्यांची २.१ ही आवृत्ती १९९९ सालची आहे.

मग प्रश्नांची उत्तरं कोण देतं?

इथं येते उत्तरपत्रिका. इन्स्टॉल करताना जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरं आधीच एका साध्या मजकूर फाईलमध्ये लिहून ठेवायची. रेड हॅट आणि फेडोरा या लिनक्समध्ये तिला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, उबुंटूमध्ये ऑटोइन्स्टॉल. नावं वेगळी, कल्पना एकच. भाषेची एक ओळ, कीबोर्डची एक ओळ, 'एशिया/कोलकाता' अशी वेळेची एक ओळ, डिस्कचं काय करायचं त्याची एक ओळ.

कोरी फाईल समोर घेऊन बसायचीही गरज नाही. एका संगणकावर फेडोरा हातानं टाकलं, की आपण दिलेली उत्तरं इन्स्टॉलर स्वतःच एका फाईलमध्ये लिहून ठेवतो. ती घ्यायची, नीट वाचायची, हवे ते बदल करायचे.

आम्ही तसंच केलं. एका जुन्या संगणकाला पत्ते आणि फाईली वाटायचं काम दिलं. शाळेच्या राउटरशी गोंधळ होऊ नये म्हणून वेगळा स्विच लावला, कारण एकाच नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघं झाले की कोण कुणाला काय देईल याचा नेम नाही. बाराही संगणक एकदम सुरू केले आणि दुपारच्या चहापर्यंत काम आटोपलं. मी खूश!

माझी चूक

काम झाल्यावर तो जुना संगणक मी बंद करून ठेवला. नंतर बाराही संगणक सुरू व्हायला थोडा उशीर लावायचे. जुने आहेत, चालायचंच, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं. खरं कारण असं, की 'आधी नेटवर्कवर विचार, मग डिस्क बघ' ही माझी सेटिंग तशीच राहिली होती. रोज सकाळी प्रत्येक संगणक नेटवर्कवर हाक मारायचा, उत्तर आलं नाही की मगच डिस्ककडे वळायचा.

दोन आठवड्यांनी कुणीतरी तो जुना संगणक सुरू केला. त्या दिवशी हाकेला उत्तर मिळालं. माझ्या उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, 'डिस्क पूर्ण पुसा'. बाराही संगणकांनी निमूटपणे ते ऐकलं. चौथीच्या मुलांनी टक्स पेंटमध्ये काढलेली दोन आठवड्यांची चित्रं गेली. एका मुलीनं विचारलं, "बाई, माझं घर कुठं गेलं?" तिनं आजीचं घर काढलं होतं. मला काही उत्तर देता आलं नाही.

रात्री भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, उत्तर लिहायचं राहिलं तर मशीन थांबून विचारतं. चुकीचं लिहिलं तर विचारत नाही, करून मोकळं होतं." आमची चित्रं गेली. कुणाच्या सर्व्हरवर पगाराचे किंवा रुग्णांचे कागद असते तर?

आता आम्ही काय पाळतो

• सेटिंगमध्ये डिस्क आधी. नेटवर्कवरून सुरू करायचं ते फक्त त्या एका वेळेपुरतं. मोठ्या सर्व्हरमध्ये असं एकदाच सुरू करायची आज्ञा दुरूनही देता येते.

• ज्यांचे मॅक अ‍ॅड्रेस यादीत आहेत, त्यांनाच उत्तरपत्रिका द्यायची. काम झालं की नाव यादीतून काढायचं.

• आधी एकाच संगणकावर करून बघायचं, तो दोनदा बंद-चालू करायचा, मगच बाकीचे.

• उत्तरपत्रिकेत पासवर्ड उघडा लिहायचा नाही. नेटवर्कवरचा कुणीही ती फाईल वाचू शकतो. पासवर्डचं सांकेतिक रूप लिहायची सोय असते, तेच वापरायचं.

• मुलांचं काम दर आठवड्याला दुसरीकडे उतरवून ठेवायचं.

वर्गात घेण्यासाठी कृती

पाच मुलांना चित्र काढण्याच्या सूचनांची एकसारखी चिठ्ठी द्या : घर काढा, दाराला रंग द्या, उजवीकडे झाड काढा. पहिल्या फेरीत दाराच्या रंगाची जागा कोरी सोडा. सगळे हात वर करून विचारतील. दुसऱ्या फेरीत मुद्दाम लिहा, 'झाड छपरावर काढा', आणि सांगा की जे लिहिलंय तेच करायचं. पाचही चित्रांत झाड छपरावर येईल आणि वर्गात हशा पिकेल. मग मुलांना विचारा, चूक पाच जणांची की एकाची? आमच्या चौथीनं क्षणात उत्तर दिलं, "चिठ्ठी लिहिणाऱ्याची!"

यंत्राकडून काम करून घ्यायचं म्हणजे विचार करायचं काम संपत नाही, ते आधी करावं लागतं. मुलांना हे लहानपणीच कळावं, म्हणून हा पाठ.